ऑर्फा आत्याचं धुकं

बॉस्टन, ९ मार्च १९८७

प्रिय थिया मावशी,

नाताळच्या कार्डाला मार्चमध्ये उत्तर देणारी भाची तुला दुसरी नसेल. वर्गातल्या पोरांना गृहपाठ वेळेवर करा म्हणून रोज ओरडते आणि स्वतःचं हे असं. पण आज लिहायला कारण तसंच घडलंय, तेव्हा आधी खुर्चीत नीट बस.

शेजारणीकडे आलेली एक बाई गेल्या महिन्यात माझ्याकडे चहाला आली. मिस क्लाइन तिचं नाव, इथल्या म्युझियममध्ये चित्रांच्या खात्यात असते. माझ्या दारामागे, जोड्यांच्या वर, ऑर्फा आत्याचं ते छोटं चित्र टांगलेलं आहे ना, बाबांच्या बोटीचं? ती बाई कप हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली ती चहा गार होईपर्यंत हललीच नाही. मग विचारायला लागली. मी सांगितलं, माझी आत्या होती, हेक बेटावर राहायची, बोटींवर नावं रंगवून पोट भरायची. नवी बोट पाण्यात उतरली की तिचं आणि तिच्यावरच्या माणसांचं चित्र काढायची आणि त्या घराला देऊन टाकायची. ती म्हणाली, अशी आणखी किती आहेत? मी म्हटलं, बेटावर जितकी घरं तितकी असतील.

मावशी, त्यांना आत्याचं प्रदर्शन भरवायचंय. येत्या नोव्हेंबरात, मोठ्या दालनात. जन्मभर तिला कुणी विचारलं नाही. नावाच्या पाट्या रंगवते म्हणून तुम्ही सगळे तिला 'पाटीवाली ऑर्फा' म्हणायचात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आणि आता ही शिकलेली माणसं म्हणतायत की अमेरिकेने एक मोठी चित्रकार न बघताच घालवली. मी ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

तुझ्याकडचं 'मार्था बी' बोटीचं चित्र त्यांना सगळ्यात आधी हवंय. आणि बाकीच्या घरांशी तू बोलावंस. मी अकरा वर्षांची असताना बेट सोडलं, माझं कोण ऐकणार? तुझं ऐकतील.

तुझी,
जोन

——

हेक बेट, ४ एप्रिल

जोन,

पत्र मिळालं. खुर्चीत बसूनच वाचलं, उभं राहून वाचायचे दिवस गेले.

ऑर्फाची चित्रं बघायला माणसं तिकीट काढणार? तिला सांगितलं असतं तर तिने हातातला ब्रश आपल्या डोक्यात मारला असता. माझ्या दाराला निळा रंग दिला तेव्हा म्हणाली होती, थिया, माझ्या हातून झालेलं हे एकच काम पावसात टिकेल. आता तुमचं म्युझियम काय म्हणतं ते बघू.

मी इतर बायकांशी बोलले. फोनवर नाही, फोन व्हर्नाच्या दुकानात आहे आणि तिथे बोललं की अर्धं बेट ऐकतं. घरोघर गेले. आधी सगळ्यांनी मान हलवली. मी म्हटलं, ऑर्फाने आपल्यासाठी काय केलं ते आपल्याला माहीत आहे, तिचं नाव होत असेल तर आपण आडवं यायचं का? मग सहा घरांनी देतो म्हटलं. त्यांतली व्हर्ना शेवटपर्यंत तयार नव्हती. तिला मी म्हटलं, माझंही देतेय ना, माझ्यावर विश्वास ठेव. तेव्हा कुठे कबूल झाली.

माझी अट एकच. चित्र जसं इथून जाईल तसं परत यायला हवं. माझा वॉरन गेल्यावर ते भिंतीवर परत टांगलं, तेव्हापासून मी ते खाली उतरवलेलं नाही. इथे काही बायका वसंतात चित्रं बटाट्याची फोड लावून पुसतात, मी तेही केलं नाही. सगळं काही पत्रात लिहिण्यासारखं नसतं. तू माझ्या ओट्यावर बसून काकवीची बिस्किटं खाल्लेली पोर आहेस, म्हणून देते.

कागदांवर सह्या तूच कर. माझा चष्मा आता नावालाच आहे.

थिया

——

बॉस्टन, ११ जून

प्रिय थिया मावशी,

सातही चित्रं सुखरूप पोचली. तू 'मार्था बी'ला हायरम काकाच्या लोकरी शर्टात गुंडाळलं होतंस, ते बघून मिस क्लाइनला भरून आलं. शर्ट धुऊन घडी करून ठेवलाय, चित्राबरोबर परत येईल.

आता एक विचारायचं आहे. चित्रं आली की इथे त्यांची तपासणी होते, अगदी दवाखान्यात करतात तसे क्ष-किरण वगैरे लावून. तुझ्या चित्रात डावीकडे हायरम काका चाकापाशी उभा आहे, तो झकास आहे. पण उजवीकडे, बोटीच्या मागच्या भागात, राखाडी धुकं आहे ना, त्याखाली काहीतरी आहे म्हणतात. आणि तो राखाडी रंग आत्याचा नाही. आत्या ट्यूबमधले तेलरंग वापरायची. हा बोटीचा रंग आहे, डेकला फासतात तो. तेव्हा मागाहून कुणीतरी लावलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. इतरही दोन-तीन चित्रांत तसंच आहे. डाग पडला म्हणून हायरम काकाने कधी काही फासलं होतं का गं? त्याला ब्रश हातात दिला की तो पायऱ्यासुद्धा सोडायचा नाही, म्हणून विचारते.

महिनाअखेर कळव. प्रदर्शनाचं पुस्तक छापायला जायचंय, त्यांची घाई चालली आहे.

तुझी,
जोन

——

हेक बेट, ९ जुलै

जोन,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा चुलीत घातलं. मग आठवडाभर धुक्यामुळे टपालाची बोट सुटली नाही.

हायरमने काही फासलेलं नाही. ज्याने केलं त्याने विचारून केलं आणि बरोबर केलं. त्याखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, कुणी शोधून सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तिथे कुणी हात लावू नका. एवढं पुरे आहे.

इकडे शेवंड बरी लागतेय. माझे गुडघे तसेच.

थिया

——

बॉस्टन, २० जुलै

प्रिय थिया मावशी,

तुझं पत्र काल आलं. जरा उशिरा आलं, पण काळजी करू नकोस, सगळं छान चाललंय, तुला वाटतं त्याहून छान. माझ्याकडे तुझ्यासाठी एक गंमत आहे. ती मी आता सांगणार नाही. नोव्हेंबरात मी स्वतः येऊन तुला घेऊन जाणार, तुला त्या दालनात चाकाच्या खुर्चीतून नेणार (कुरकुर करू नकोस) आणि मग तू स्वतः बघशील.

'हात लावू नका' वाचून मी जरा चरकले हे खरं. पण मला कळतं, मावशी. तू हायरम काकाची बाजू घेतेस. नवऱ्याने दुःखाच्या भरात काही केलं तर बायकोने ते झाकायचं, हेच तुमच्या पिढीने केलं. त्याला कुणी दोष देत नाही गं. मी तर मुळीच नाही. मला फक्त वाटतं की काही गोष्टी माणसाकडून उगाच हिरावून घेतल्या जातात, आणि त्या परत मिळाल्या तर कुणाला नको असतं?

बस, आता तोंड बंद. नाहीतर सगळं सांगून बसेन.

तुझी,
जोन

——

हेक बेट, ५ ऑगस्ट

जोन,

कसली गंमत? माझ्या वयाच्या बाईला गंमत नको असते. मला रात्री झोप येत नाहीये. तेव्हा जे आपल्याकडे तोंडाने बोलत नाहीत ते आज कागदावर लिहिते. वाचून झालं की जाळून टाक.

बेटावरचा माणूस समुद्रात गेला आणि त्याचं शरीर किनाऱ्याला लागलं, तर त्याला चर्चमागे जागा मिळते, त्याच्या नावाचा दगड बसतो. असा माणूस चित्रात तसाच राहतो. हायरम घरी अंथरुणात गेला, त्याला दगड आहे, म्हणून तो चाकापाशी उभा आहे. पण ज्याचं शरीर मिळत नाही त्याला दगड नाही. रिकाम्या खड्ड्यावर दगड बसवायचा नाही, अशी आपली रीत. त्याची वर्षभर वाट बघायची. खिडकीत दिवा ठेवायचा, दाराला कडी लावायची नाही, त्याचं ताट टेबलावरून काढायचं नाही. वर्ष संपलं की चित्र खाली उतरवायचं आणि ऑर्फाकडे न्यायचं. बरोबर त्याच्या बोटीच्या रंगाचा डबा न्यायचा. त्याच बोटीचा, दुसरा चालत नाही. ऑर्फा त्यात पांढरा मिसळून धुकं करायची. आपण तिच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचं. पाद्री नाही, प्रार्थना नाही, ब्रशचा आवाज तेवढा येतो. मग ती म्हणायची, झालं. मग सगळ्यांनी बसून तिच्याकडचे बीन्स आणि काकवीचा पाव खायचा आणि घरी यायचं. तेच त्याचं दफन.

तुला माहीत नसणारच. अशा दिवशी आम्ही तुम्हा पोरांना ब्लूबेरी वेचायला डोंगरावर पिटाळायचो. मोठ्यांतही कुणी नंतर अवाक्षर काढत नसे. हे पहिल्यांदा व्हर्नाच्या आईने मागितलं, पुढे रीतच पडली. आपल्या भिंतींवर जिथे जिथे धुकं आहे, तिथे कुणी ना कुणी पुरलेला आहे.

वॉरनचं असं झालं. त्या दिवशी हायरमला ताप होता म्हणून तो एकटाच शेवंडीचे पिंजरे ओढायला गेला. 'मार्था बी' सापडली ती इंजिन चालू, गोल गोल फिरत. तो बावीस वर्षांचा होता. मी वर्षभर दिवा ठेवला. मग हायरमने गोदामातून राखाडी रंगाचा डबा काढला आणि आम्ही दोघं ऑर्फाकडे गेलो. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ऑर्फाला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तिने त्याला लहानपणी खांद्यावर घेतलं होतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी कॉफी घेऊन त्या धुक्यापुढे बसते. माझ्याकडे तेवढीच जागा आहे. म्हणून म्हटलं, हात लावू नका. आता तुला कळलं. लगेच उलट टपाली लिही की त्याला कुणी हात लावलेला नाही. एवढी एक ओळ लिही.

थिया

——

हेक बेट, १ सप्टेंबर

जोन,

माझं पत्र पोचलं का?

थिया

——

हेक बेट, ९ ऑक्टोबर

जोन,

तू लिहिलं नाहीस. आता लिहायची गरज नाही, म्युझियमने कळवलं.

मंगळवारी व्हर्नाच्या दुकानात पीठ आणायला गेले. ज्यांनी चित्रं दिली त्यांच्यासाठी म्हणून म्युझियमने एक पोस्टर पाठवलं होतं, नळकांड्यात घालून. व्हर्नाने ते उघडून टपालाच्या खिडकीवर डकवलं होतं. तिने चित्राकडे नीट बघितलंही नसावं, आधी चिकटवलं आणि मग तिच्या लक्षात आलं. मी आत गेले तेव्हा दुकानात चार-पाच माणसं होती आणि सगळी जमिनीकडे बघत होती. व्हर्ना पुढे येऊन म्हणाली, "थिया, तू घरी जा, पीठ मी पाठवते." मी म्हटलं, "का गं, माझे पैसे खोटे आहेत का?" आणि वर बघितलं.

एक मुलगा होता. बोटीच्या मागच्या टोकाला उभा, लाल टोपी, हातात दोर, मान जरा तिरकी. खिडकीएवढं मोठं चित्र. खाली ऑर्फाचं नाव.

जोन, मी त्याला ओळखलं नाही. मला वाटलं, हे कुणाचं पोर? चांगलं आहे पोर. मग टोपी ओळखली. ती मी विणली होती, कडेला लोकर कमी पडली म्हणून निळी पट्टी घातलेली. टोपीवरून मला माझा मुलगा कळला.

इतकी वर्षं मी एक चेहरा जपत होते. धुक्यापुढे बसून रोज तोच आठवायचे. तो वॉरनचा नव्हताच. कधीतरी त्यात हायरमचं नाक शिरलं, माझ्या भावाची हनुवटी शिरली, मला कळलंही नाही. आणि आता तो माझा जपलेलाही राहिला नाही, कारण खरा बघितला. आणि जो खरा तो मला परका. मी कुणाची वाट बघितली, कुणाला पुरलं, काही कळेनासं झालंय.

मी पीठ न घेताच घरी आले. संध्याकाळी व्हर्नाने पोस्टर काढून गुंडाळून माझ्या दारात ठेवलं. ते ठेवायचं कुठे ते मला कळत नाही, जाळायचं म्हटलं तर हात धजत नाही.

तू नोव्हेंबरात मला न्यायला येऊ नकोस.

थिया

——

बॉस्टन, १७ ऑक्टोबर

प्रिय थिया मावशी,

तुझं ऑगस्टचं पत्र मी जाळलं नाही. ते उशाखाली आहे. रोज उत्तर लिहायला बसले आणि रोज उठले. तू मागितलेली ती एक ओळ मी लिहू शकत नव्हते आणि दुसरी कुठली लिहायचं धाडस नव्हतं. पोस्टर तुमच्याकडे जाणार आहे हे मला कुणी सांगितलं नाही. निदान ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

जूनअखेर मी ते धुकं काढायच्या कागदावर सही केली. तुझ्या पत्राची वाट बघितली नाही. क्ष-किरणात त्यांनी मला दाखवलं, धुक्याखाली उभा मुलगा, आणि मी लगेच म्हटलं, हा तर वॉरन. त्याने मला वल्ही मारायला शिकवलं होतं. मला वाटलं, हायरम काकाने दुःखाने वेडा होऊन पोराचं तोंड फासून टाकलं आणि बिचारी मावशी तेव्हापासून राखाडी रंगाकडे बघत बसली. मला वाटलं, मी तुला तुझा मुलगा परत देते आहे. ते काम करणारा माणूस कापसाचे बोळे काडीला लावून आठवडेच्या आठवडे बसला होता. चेहरा निघाला त्या दिवशी मी तिथे होते. मी टाळ्या वाजवल्या, मावशी. मी तिथे उभी राहून टाळ्या वाजवल्या.

मिस क्लाइनला सगळं सांगितलं. ती खाली बसली. बोटीचा रंग दिसला म्हणून ते धरून चालले की हे चित्रकाराचं काम नाही. ऑर्फा आत्याने नेमका तोच रंग वापरायचा असतो हे त्यांना कुठून कळणार? आणि जिला कळायला हवं होतं, तिला तुम्ही ब्लूबेरी वेचायला पाठवलं होतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, थियाबाईंचं पत्र भिंतीवर काचेत लावता येईल का, लोकांना हे कळायला हवं. मी नाही म्हटलं. ती चांगली बाई आहे, तरी विचारलं.

बाकीच्या सहा चित्रांना कुणी हात लावलेला नाही आणि लावणार नाहीत. व्हर्नाला सांग. फक्त तुझंच साफ झालं, कारण ते सगळ्यात चांगलं होतं.

मी म्हटलं, 'मार्था बी' प्रदर्शनातून काढा. ते म्हणाले, पुस्तकाच्या वेष्टनावर तोच आहे, बसगाड्यांवरही तोच आहे. मी रोज शाळेत जाताना त्याला भेटते. काल बसथांब्यावर दोन मुली त्याच्याकडे बघून म्हणत होत्या, हा किती देखणा आहे.

मी विचारलं, तो काढलेला रंग कुठे आहे. बोळ्यांवर गेला, बोळे कचऱ्यात गेले. ते म्हणतात, हुबेहूब त्याच छटेचं धुकं परत काढून देऊ, असं की पुढे कधी वाटलं तर पाण्याने पुसता येईल. तू सांगशील तसं करू. मावशी, मला काहीतरी सांग. शिव्या दिल्यास तरी चालेल.

जोन

——

हेक बेट, २१ फेब्रुवारी १९८८

जोन,

तुझी तीन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही. राग आला होता. तो जानेवारीपर्यंत पुरला, मग थंडीने माणूस थकतो. तुझ्यावर रागावून मला पोर परत मिळणार नाही, आणि परत मिळालं हीच तर माझी तक्रार आहे.

वर्तमानपत्रातली कात्रणं मिळाली. ऑर्फाचं नाव झालं, ते चांगलं झालं. त्यात कुणीसं लिहिलंय की वॉरनच्या चेहऱ्यावर सगळं आयुष्य पुढे असल्याचा आनंद आहे. मी ते व्हर्नाकडून दोनदा वाचून घेतलं.

चित्रं शुक्रवारी टपालाच्या बोटीने आली. अशी काही वस्तू आली तर एखादा माणूस हातगाडी घेऊन धक्क्यावर जातो. या वेळी सगळं बेट आलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाचं शरीर किनाऱ्याला लागलं की आपल्याकडे असेच सगळे येतात आणि टोप्या काढून उभे राहतात. माझी पेटी चौघांनी उचलली आणि चढावरून माझ्या दारापर्यंत आणली. आत आणून ठेवली आणि मग कुणालाच कळेना पुढे काय करायचं. मेलेला आला तर काय करतात ते लहान पोरालाही ठाऊक आहे. पण असा कुणी आजवर आलेला नव्हता. थोडा वेळ थांबून सगळे गेले.

पुसता येईल असं धुकं तुम्ही काढलं नाहीत ते बरं केलंत. पुसता येणारं दफन कशाला हवं? हायरमचा डबा गोदामात सापडला. आत दगड झालाय, सुरीसुद्धा शिरत नाही.

व्हर्ना मागे थांबली होती. चित्र पेटीतून काढताना तिने हात दिला. वॉरनकडे खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थिया, माझ्या चित्रातलंही काढून देतील का गं ते?" मी म्हटलं, "काय बोलतेस तू?" ती म्हणाली, "मला बापाचा चेहरा आठवत नाही. तो बुडाला तेव्हा मी चार वर्षांची होते." ज्या बाईला मी समजावून चित्र द्यायला लावलं, तिला काय सांगायचं ते मलाच माहीत नाही. उद्या ती तुम्हाला लिहील. मग बाकीच्याही लिहितील. तुम्ही त्यांना हो म्हणाल की नाही म्हणाल, दोन्हीत मला भीती वाटते.

चित्र जुन्याच खिळ्याला टांगलं. तो माझ्याकडे बघतोय. पहिल्या रात्री मी तिकडे पाठ केली, मग वाटलं, आल्या आल्या आईनेच पाठ फिरवावी का, आणि परत वळले. काल त्याच्यासाठी ताट मांडलं. मांडलं आणि तशीच उभी राहिले, जोन. त्याला काय आवडायचं ते मला आठवेना. कॉडचं कालवण आवडायचं ते त्याला की हायरमला, ते आठवेना. शेवटी बीन्स वाढले.

मी बराच विचार केला. वॉरनसाठी आता जुन्या रीतीशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही. रीत सांगते की माणूस गेला आणि माती नाही, तर आधी वर्षभर वाट बघायची. पहिलं दफन तुम्ही उपसलं, तेव्हा हिशोब परत पहिल्यापासून. शुक्रवारपासून मी खिडकीत दिवा ठेवलाय. दाराची कडी काढून टाकलीय, वाऱ्याने ते रात्रभर आपटतं.

पुढच्या फेब्रुवारीत तू ये. रंग असेल तो असेल, तू बघ. तुला ब्रश धरता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण ऑर्फाच्या रक्ताचं दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि धुक्याला हात चांगला लागतो असं नाही. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसेन. मी नसले तर तू तशीच आत ये, दार उघडं असेल. दिवा चालू असेल तर आधी तो मालव, आणि मग त्याला झाक.

थिया